आतून लावलेली कडी

१

बाटल्या गोळा करणारा सकाळी क्लबच्या मागच्या अंगणात शिरला, तेव्हा त्याला वाटलं कुणीतरी पिऊन पडलंय. त्या रस्त्यावर सकाळी आडवा दिसलेला माणूस प्यायलेलाच असायचा. हे इतकं अंगवळणी पडलेलं होतं, की त्याने निवांतपणे दोन क्रेट भरले. तिसरा उचलायला वाकला तेव्हा त्या माणसाचं तोंड दिसलं.

"अरे देवा, तक्रारसर!" तो ओरडला, आणि क्रेट हातातून सुटला.

फौजदारबाई पोचल्या तेव्हा रस्ता अजून झोपेत होता. शहराच्या मधोमध असलेला हा रस्ता संध्याकाळी दिवे लागले की अंगात वारं भरल्यासारखा व्हायचा. एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला नाचघरं, दारोदार बाऊन्सर, आणि मधून वाहणारी नटलेली गर्दी. आता मात्र शटर खाली होती. पाइप लावून कुणी फूटपाथ धूत होतं, आणि पाण्याबरोबर सिगारेटची थोटकं गटाराकडे चालली होती. 'तळघर' नावाच्या क्लबची निऑनची पाटी विझलेली होती, आणि दिवसाउजेडी ती नुसती वाकड्या नळ्यांची जाळी दिसत होती.

याच क्लबच्या वर, दुसऱ्या मजल्यावर, सर एकटे राहत. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेले, विधुर. गोंगाटाविरुद्धच्या तक्रारीवर पहिली सही त्यांची होती, म्हणून रस्त्याने त्यांना 'तक्रारसर' करून टाकलं होतं. रस्ता रात्री लवकर बंद करावा की नाही, याची सुनावणी दुसऱ्याच दिवशी पालिकेत होती. आणि मुख्य तक्रारदार क्लबच्या अंगणात मरून पडला होता.

"मॅडम, उघड आहे," हवालदार म्हणाला. "वरच्या सज्जातून हा लोखंडी जिना अंगणात उतरतो. म्हातारा माणूस, पाय घसरला. नाहीतर मग घसरवला."

बाई सरांच्या पायांपाशी उकिडव्या बसल्या होत्या. अंगणभर काचांचा चुरा होता. सरांच्या पायांत घरातले लोकरी मोजे होते, आणि त्यांचे तळवे अगदी स्वच्छ होते.

"हे अंगणातून चालत आलेले नाहीत," त्या म्हणाल्या. "वरूनच पडलेत. चल, दार बघू."

जिना चढून त्या सज्जात गेल्या. सज्जाचं दार ढकललं, ते हललं नाही. खांदा लावला, तरी नाही. शेवटी पुढच्या बाजूने, घरमालकाकडची जास्तीची किल्ली आणून, घरात शिरावं लागलं. पुढच्या दाराला ओढलं की लागणारं लॅच होतं. सरांची स्वतःची किल्ली भिंतीवर खुंटीला होती, चपला दाराशी जोडून ठेवलेल्या.

सज्जाच्या दाराची कडी आतून लावलेली होती.

हवालदाराने कडीकडे बघितलं, मग खाली अंगणाकडे. "म्हणजे सर बाहेर पडले… आणि कडी आतून…"

"हं," बाई म्हणाल्या. "ते पडले तेव्हा घरात दुसरं कुणीतरी होतं. आणि त्याने त्यांच्यामागे दार लावून घेतलं."

२

क्लबची मालकीण पन्नाशीची, तोंडाने फटकळ. रात्रीचं काजळ गालावर उतरलेलं. खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवलेल्या त्या अंधाऱ्या खोलीत तिने स्वतःच बाईंसाठी एक खुर्ची सरळ केली.

"बाई, खोटं कशाला बोलू? ते गप्प बसले असते तर मला हवंच होतं. उद्या रस्ता लवकर बंद झाला की माझी बावीस माणसं घरी बसणार. पण म्हातारा मारून कुणाचा क्लब चाललाय कधी? आता तर सगळं खापर माझ्याच डोक्यावर!"

"अंगणाच्या फाटकाची किल्ली कुणाकडे असते?"

मालकिणीने दाराकडे बघितलं. तिथे तिचा बाऊन्सर उभा होता. एवढा आडवातिडवा, की रस्ता त्याला 'पहाड' म्हणे.

"माझ्याकडे," पहाड म्हणाला. आवाज देहाच्या मानाने अगदीच बारीक. "काल उजेड होता तेव्हाच क्रेट ठेवले आणि फाटक लावलं. मग सकाळीच उघडलं."

"महिन्यापूर्वी तू सरांना भर रस्त्यात दम दिला होतास."

"दिला होता. म्हटलं, सर, एक दिवस जिन्यावरून खाली याल." त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "रागाच्या भरात बोललो. त्यांनी काय केलं माहितीये? माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि म्हणाले, 'सावकाश बोल, नीट कळलं नाही.' मला हसूच फुटलं. मग ते पण हसले. तेव्हापासून रोज हात करायचे."

"काल दिवे लागल्यावर कुठे होतास?"

"पुढच्या दाराशी."

"कुणी पाहिलं?"

"मला?" पहाडला प्रश्नच कळेना. "न दिसायला मी काय सुई आहे?"

हवालदार हसला, पण बाहेर आल्यावर त्याचं मत पक्कं होतं. "मॅडम, फाटकाची किल्ली त्याच्याकडे, दम त्याने दिलेला. चढला असेल मागून."

"आणि कडी आतून लावून पुढच्या दाराने सगळ्यांसमोर उतरला? एवढं धूड जिन्यात कुणालाच दिसलं नाही?" बाईंनी मान हलवली. "सर शेवटचे जिवंत कधी होते, ते आधी कळू दे."

ते सांगणारा माणूस कोपऱ्यावरच भेटला.

३

कोपऱ्यावर औषधांचं दुकान होतं. दुकानदाराला सगळे केमिस्टकाका म्हणत. रहिवाशांच्या समितीचे ते अध्यक्ष. पांढरा स्वच्छ डगला, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. काउंटरच्या मागे, खोकल्याच्या औषधांच्या वर, एका हसऱ्या मुलीचा फोटो होता.

बाईंची नजर तिकडे गेलेली त्यांनी पाहिली.

"माझी मुलगी. तीन वर्षं झाली. मैत्रिणींबरोबर आली होती इकडे, वाढदिवसाला. तिला लहानपणापासून मधुमेह. साखर उतरली असणार, म्हणून बसली त्या समोरच्या पायरीवर. मैत्रिणी आत नाचत होत्या. लोक येत-जात होते. सगळ्यांना वाटलं, जास्त झाली असेल पोरीला. कुणीतरी फोटोही काढला म्हणे." ते थांबले. "दुकान तेव्हा बंद झालेलं होतं. बाप घरी झोपलेला. एक ग्लास साखरेचं पाणी लागलं असतं, बाई."

आतल्या खोलीच्या पडद्याआड काकू उभ्या होत्या, त्यांच्या पत्नी.

"तक्रार त्यानंतरच झाली?"

"हो. सर आधीपासून आवाजाने हैराण होतेच. माझ्या शब्दाला कोण विचारतं? दुःखाने डोकं फिरलंय म्हणतात. पण सर शांत माणूस, आवाजातला जाणकार. त्यांची साक्ष म्हणजे आमचा सगळा भार."

"काल त्यांना भेटलात?"

"भेट नाही झाली. दिवे लागल्यावर समितीच्या बैठकीला निघालो, म्हटलं त्यांना बरोबर घ्यावं. त्यांची बेल वाजत नाही कधी. दारावर थाप मारली, हाक मारली. आतून म्हणाले, 'आज बरं वाटत नाही. तुम्ही व्हा पुढे, परवा सुनावणीला येतोच.' मग मी बैठकीला गेलो. तिथून सगळ्यांबरोबर उशिरा घरी."

"दार उघडलं नाही त्यांनी?"

"नाही. आवाज मात्र नेहमीचाच." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तेवढा एक शब्द ऐकला शेवटचा."

बाईंनी मान डोलवली. म्हणजे बैठक सुरू झाली तेव्हा सर जिवंत होते. पुढे क्लब भरला, ढोल घुमू लागले, आणि त्या गदारोळात कुणीतरी वर गेलं. पुन्हा सगळा संशय क्लबवर येत होता.

त्या उठल्या, तशा काकू पडद्यातून पुढे आल्या. "क्लबात गाणाऱ्या त्या मुलीला विचारा," त्या हळूच म्हणाल्या. "सर रोज दुपारी तिच्या तालमीला जायचे. मी पाहिलंय."

केमिस्टकाकांनी झटकन वळून बायकोकडे बघितलं. "सर? क्लबमध्ये?"

त्यांचं आश्चर्य खरं होतं. तेवढं तरी बाईंना नक्की कळलं.

४

गायिका क्लबच्या शेजारच्या इमारतीत एका खोलीत राहत होती. अंगावर कालचाच शर्ट, डोळे सुजलेले. पलंगावर एक जुनं व्हायोलिन पेटीत उघडं पडलं होतं.

"सरांचं आहे," ती म्हणाली. "मी त्यांची विद्यार्थिनी. शाळेत गात होते, इथे पोचले. वाटलं होतं, बघून तोंड फिरवतील. त्यांनी उलट हे आणून दिलं. म्हणाले, 'मला आता नको, पोरी.'"

"व्हायोलिन नको? आयुष्यभर वाजवलेलं?"

तिने पेटीचं झाकण लावलं.

"रोज तालमीला यायचे म्हणे. गोंगाटाची तक्रार करणारा माणूस क्लबच्या तालमीला?"

"यायचे." तिने नाक पुसलं. "मोठ्या ड्रमला पाठ टेकून बसायचे. नाहीतर डबल बासच्या, त्या माणसाएवढ्या व्हायोलिनच्या, लाकडावर तळहात ठेवायचे. डोळे मिटून. कुणी एक ठोका चुकला की लगेच डोळे उघडायचे. मालकीणबाई नसायची तेव्हाच यायचे, तिला यातलं काही माहीत नाही."

बाईंना सकाळचं सरांचं घर आठवत होतं. टेबलावर एक आरसा दाराकडे तोंड करून ठेवलेला, दाढीला गैरसोयीचा. घरात रेडिओ नाही. भिंतीवरचं ठोके देणारं घड्याळ बंद. संगीत शिकवणाऱ्या माणसाच्या घरात वाजणारी एकही वस्तू नव्हती. आणि पहाडला ते म्हणाले होते, 'सावकाश बोल.' तेही त्याच्या तोंडाकडे बघून.

"त्यांना ऐकू येत नव्हतं," बाई म्हणाल्या.

गायिकेने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"किती?"

"काहीच नाही. दोन वर्षं होत आली. आधी गुणगुण यायची, मग तीही गेली. मला शपथ घातली होती त्यांनी. म्हणाले, 'ज्याने दुसऱ्यांचे सूर सुधारण्यात जन्म घालवला तो बहिरा झाला, हे लोकांना कळलं तर मला मेल्याहून मेल्यासारखं होईल.' ओठ वाचायचे. समोरून बोललं की कुणाला पत्ता लागायचा नाही. पाठमोरे असले की मात्र बॉम्ब फुटला तरी कळायचं नाही."

"मग उद्याची साक्ष?"

"देणारच नव्हते!" ती एकदम म्हणाली. "परवा मला म्हणाले, 'पोरी, अधिकारी विचारणार, आवाज किती होतो. मी काय सांगू? मला तर शांत वाटतं. खोटी साक्ष नाही देणार.' तक्रारीतून नाव काढणार होते. 'समितीला कसं सांगू' म्हणत होते. 'ते बिचारे माझ्यावर विसंबलेत.'"

बाई ताडकन उठल्या. सर साक्ष देणार नव्हते, तर क्लबमधल्या कुणाला त्यांना मारून काय मिळणार होतं? नुकसान झालं असतं ते पलीकडच्या बाजूचं.

आणि बंद दाराआडून मारलेल्या हाकेला त्यांनी ओ दिली, असं एकाच माणसाने सांगितलं होतं.

५

तरी खात्री करून घेणं भाग होतं. बाई सरांच्या खोलीत त्यांच्या आरामखुर्चीत बसल्या आणि हवालदाराला बाहेर उभं करून पुढचं दार लावून घेतलं.

"बेल दाब!"

आवाज आला नाही. खुर्चीसमोरच्या भिंतीवर मात्र एक छोटा दिवा लागला आणि विझला. पुन्हा लागला, पुन्हा विझला.

"मॅडम, बेल बिघडलीय," बाहेरून हवालदार ओरडला.

"नाही रे," बाई स्वतःशीच म्हणाल्या. "चांगली चालतेय."

ऊन उतरायला लागलं होतं. त्या दुकानात गेल्या तेव्हा वाटेत डॉक्टरांचा फोन येऊन गेला होता, आणि त्यांची चाल जड झाली होती. काउंटरवर गिऱ्हाईक नव्हतं. काकू कुठे दिसत नव्हत्या.

"काका, बसा."

"का? सापडला कुणी?"

"काल सर आतून जे बोलले ते पुन्हा एकदा सांगा."

केमिस्टकाकांनी तेच सांगितलं. अगदी त्याच शब्दांत.

"थाप मारलीत, हाक मारलीत, आणि त्यांनी उत्तर दिलं."

"हो."

"सर ठार बहिरे होते, काका. दोन वर्षं. तुम्ही दार फोडलं असतं तरी त्यांना कळलं नसतं."

ते हसले. खरंच हसले, एखाद्याने भलतीच थाप मारावी तसे. "काय बोलताय? आठवड्यातून दोनदा गप्पा मारायचो आम्ही."

"समोरासमोर. ते ओठ वाचायचे. बेलला दिवा जोडलेला होता. लाजेखातर त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आणि बहिऱ्या माणसाने आवाजाची साक्ष कशी द्यायची, म्हणून ते तक्रारीतून नाव काढणार होते. क्लबवाल्यांनी त्यांना फितवलेलं नव्हतं."

केमिस्टकाकांच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पण त्यामागचा माणूस खचत चाललेला दिसत होता. त्यांनी काउंटरची कड धरली.

"पाठमोरे होते ते," ते म्हणाले.

बाईंनी स्टूल ओढून घेतलं.

"मला आत घेतलं, बसवलं. म्हणाले, 'मला माफ करा, मी सुनावणीला येत नाही. का ते विचारू नका.' आणि उठून सज्जात गेले. खाली क्लबमध्ये कार्यक्रमाआधीची तालीम चालली होती. कठड्यावर हात ठेवून उभे राहिले. मी मागून गेलो. विचारलं, 'का?' गप्प. म्हटलं, 'विकले गेलात का?' गप्प. म्हटलं, 'माझ्या पोरीची तरी आठवण ठेवायची.' बाई, माझ्या पोरीचं नाव घेतलं मी, आणि त्या माणसाने मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. मला वाटलं, मी यांच्या लेखी कुणीच नाही. खांदा धरून खसकन ओढलं. ते दचकले, असे दचकले की… जिन्याच्या तोंडाशी होते ते."

"त्यांना तुम्ही मागे आलात हेच माहीत नव्हतं."

"त्यांना ऐकूच गेलं नाही," ते पुटपुटले. "पोरीचं नावच ऐकू गेलं नाही."

रस्त्यावर एकेक शटर खडखडत वर जाऊ लागलं होतं.

"मग कडी लावलीत," बाई म्हणाल्या.

"हात चालले आपोआप. वाटलं, दार बंद केलं की ते बाहेर राहील सगळं. पुढच्या दाराने उतरलो. बैठकीत गेलो. ठराव मांडला."

"खाली बघितलंत?"

केमिस्टकाकांनी मुलीच्या फोटोकडे बघितलं.

"काका, तुम्ही औषधांतले माणूस. जिन्यावरून पडलेला माणूस मेलाच असेल असं तुम्हाला वाटलं नसणार. डॉक्टर म्हणतात, सर लगेच गेले नाहीत. तुमची बैठक चालू होती तेव्हा ते जिवंत होते. कुणी उचललं असतं तर कदाचित वाचलेही असते."

केमिस्टकाका हळूहळू खाली बसले. खुर्चीवर नाही, काउंटरमागच्या जमिनीवरच. खोल्यांमधला पडदा हलला. काकू तिथेच होत्या, केव्हापासून कुणास ठाऊक. त्यांनी नवऱ्याला उठवलं नाही. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या, आणि ती नजर बाईंना पाहवेना.

"तू एकदाही खाली जाऊन बघितलं नाहीस," काकू म्हणाल्या. जन्मभर अहो-जाहो केलेल्या माणसाला त्या पहिल्यांदाच एकेरीत बोलत होत्या. "बैठकीहून आलास, जेवलास. मी विचारलं, सर कसे आहेत. म्हणालास, बरे आहेत."

६

सुनावणी ठरल्याप्रमाणे झाली. पालिकेच्या त्या उंच छताच्या खोलीत एका बाजूला रहिवासी, दुसऱ्या बाजूला रस्त्यावरचे धंदेवाले. मालकीण काळे कपडे घालून आली होती. गायिका शेवटच्या बाकावर, पहाडच्या आडोशाला. फौजदारबाईंचं तिथे काम नव्हतं, तरी त्या दाराशी उभ्या राहिल्या.

मुख्य तक्रारदार मयत, समितीचा अध्यक्ष कोठडीत. अधिकाऱ्याने चष्म्यावरून बघत विचारलं, समितीच्या वतीने कुणी बोलणार आहे का. खोलीत चुळबुळ झाली. मग काकू उठल्या.

"बाई, आपलं म्हणणं?" अधिकारी म्हणाला. "रस्ता लवकर बंद व्हावा, असंच ना?"

"काल दुपारपर्यंत तसंच होतं," काकू म्हणाल्या. आवाज कापरा, पण स्पष्ट. "तीन वर्षं मी या लोकांना शिव्या दिल्या. मनात. म्हणायचे, कसली माणसं, पडलेल्या पोरीकडे वाकून बघितलं नाही. आणि माझ्याच घरातला माणूस…" त्यांनी ओठ घट्ट मिटले, मग पुन्हा उघडले. "मला सांगता येत नाही आता, कुणाचं काय बंद करायचं ते."

"म्हणजे तक्रार मागे घेता?"

"मागे नाही घेत. पुढेही नाही नेत. मला कळत नाहीये, साहेब. तेवढंच लिहा."

असं कुठे लिहायचं हे अधिकाऱ्याला सुचेना. त्याने पुढची तारीख दिली. लोक खुर्च्या सरकवत उठले. रहिवाशांपैकी कुणीच काकूंजवळ गेलं नाही.

गायिका मात्र बाकांमधून वाट काढत पुढे आली. काकूंसमोर उभी राहिली आणि नुसतीच उभी राहिली.

काकूंनीच विचारलं, "सरांचं कुणी आहे का ग? पुढचं बघायला?"

"नाही. मीच."

"मग मला घेऊन चल. घर आवरायचं असेल, कपडे असतील. एकटीला नाही जमायचं तुला." त्या थांबल्या. "येऊ ना मी? चालेल तुला?"

गायिकेने लगेच हो म्हटलं नाही. तिच्या चेहऱ्यावर राग होता, खरा राग, आणि तो लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही. काकूही तिथून हलल्या नाहीत.

"चला," शेवटी ती म्हणाली. "पण माझ्याशी बोलू नका आज."

"नाही बोलत," काकू म्हणाल्या, आणि तिच्या मागोमाग पायऱ्या उतरू लागल्या.